उतरायचं नाही

१

खाडीवर जायच्या संध्याकाळी सुबोध सगळ्यात आधी शिट्टी वाजवून बघायचा. गळ्यात अडकवायची नारिंगी रंगाची प्लास्टिकची शिट्टी. मग लाइफ जाकिटांचे पट्टे ओढून बघायचे, बॅटरी लावून विझवून बघायची, मोबाइल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून वर रबर लावायचं. भरती-ओहोटीची वेळ तर त्याने दुपारीच काढून ठेवलेली असायची. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत तो पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कामाला होता, आणि मशीन बंद पडली की बाकीचे लोक बाहेर चहाला जायचे तेव्हा हा कोपऱ्यात फोनवर भरतीचं कोष्टक बघत बसायचा.

"तिन्हीसांजेची शिट्टी वाजव नको रे घरात," रुक्मिणी ओट्यापासून म्हणायची. "साप येतत."

"चौथ्या मजल्यावर, आई?"

"तेंका काय, जिनो आसा मां."

गुणाजी दारात खांद्यावर जाळं टाकून उभे असायचे. "झाला काय रे सेफ्टी ऑफिसर? प्रांजल आसतो तर एवढ्यात जाळा लावन इलो आसतो."

सुबोध पट्टा पुन्हा एकदा ओढून बघायचा. तो मुळातच कमी बोलणारा. शिवाय प्रांजल असता तर सुबोध खाडीवर गेलाच नसता, हे तिघांनाही माहीत होतं.

प्रांजल म्हणजे सुबोधचा मोठा भाऊ. मरोळला एका कारखान्यात सुपरवायझर झाला होता, सकाळच्या पाळीला. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या काळोख्या पंधरवड्यात तो आणि गुणाजी होडी घेऊन खाडीत गेले, परत यायला उशीर झाला, ओहोटीने पाणी निघून गेलं आणि होडी चिखलात बसली. खाडीत हे होतं. होडी बसली की काही करायचं नसतं, भरती येईपर्यंत मुकाट बसून राहायचं. गुणाजींचा डोळा लागला. उठून बघतात तर प्रांजल होडीत नव्हता. त्याचे बूट होते, पायमोजे गुंडाळून आत नीट ठेवलेले.

का उतरला, ते सगळ्यांना समजलं होतं. होडी जिथे बसली होती तिथून त्यांची इमारत समोर दिसायची. इमारत काय, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकीही दिसायची, पिवळ्या दिव्याची. माणसाला वाटतं, हे काय घर, चार ढांगा टाकल्या की पोचलो. कशाला मच्छर खात बसायचं? चिखल रात्रीचा डांबरी रस्त्यासारखा दिसतो. चकचकीत, सपाट. पण तो छातीच्याही वर खोल आहे आणि खालून ओढतो.

अग्निशमन दलाची माणसं शिड्या आणि फळ्या घेऊन आली, काठावर मोठे दिवे लावले, होडीतल्या गुणाजींना ओरडून सांगितलं, "हलू नका!" गुणाजी हलले नाहीत. प्रांजल सापडलाच नाही. त्या रात्री नाही, पुढेही नाही. रुक्मिणीने त्याच्या फोटोला हार घालू दिला नाही, दिवसही करू दिले नाहीत.

उन्हाळा सरला, पावसाळा सरला, आणि एक दिवस गुणाजींनी होडी पुन्हा पाण्यात घातली. तेव्हा रुक्मिणीने सुबोधला बाजूला घेतलं.

"तेका एकट्याक सोडू नको," ती म्हणाली. "माझ्या घरातला आता एकसुद्धा मानूस कमी होवक नको."

एवढंच सुबोधचं काम होतं. बापाला घेऊन जायचं आणि बापाला घेऊन यायचं.

२

होडी त्यांनी धोंडिरामकडून विकत घेतली होती. धोंडिराम चारकोप गावठाणातला जुना कोळी. रविवारी सकाळी धक्क्यावर तो जाळं शिवत बसलेला असायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला एकेक टोमणा असायचा. गुणाजी तरुणपणी परळला गिरणीत होते, म्हणून त्यांचं नाव त्याने 'गिरनीवाला' ठेवलं होतं. पण सुबोधशी तो जरा जपून बोलायचा. कारण उघड होतं. होडी विकताना त्याने गुणाजींना आणि प्रांजलला एक गोष्ट बजावून सांगितली होती. होडी चिखलात बसली की सगळ्यांनी एकाच दोरीने कमरा बांधून घ्यायच्या. "झोपेत मानूस घरी निगतं," तो म्हणाला होता. "कोली असो नायतर गिरनीवाला." त्यावर प्रांजल हसला होता. "आम्ही काय गुरं आहोत, दावणीला बांधायला?" गुणाजीही हसले होते.

आता सुबोध होडीत दोरी घेतल्याशिवाय पाय ठेवत नव्हता.

त्या रविवारी सुबोध जाकिटं गोड्या पाण्याने धुऊन वाळत घालत होता. धोंडिराम सुई थांबवून म्हणाला, "तुज्या बापाला काय झालंय रं?"

"काय झालं?"

"दर खेपेला होरी बसवते. आनि दर खेपेला तितंच. थं काय त्याचा बसस्टॉप हाय?"

"ओहोटीचा अंदाज चुकतो, काका. वय झालंय."

"वय झाल्यावर अंदाज चुकतं, खरं हाय," धोंडिराम म्हणाला. "पन चुकतं म्हंजे एकदा हिकरं, एकदा तिकरं. एकाच जागी चुकत नाय."

आणि त्याने मान खाली घालून पुन्हा सुई चालवायला घेतली.

सुबोध घरी जाताना त्याचाच विचार करत होता. खरंच, पावसाळ्यानंतर तीनदा होडी बसली होती, आणि तिन्ही वेळा त्याच वळणावर. समोर इमारत, इमारतीत ती खिडकी. त्याने स्वतःला समजावलं. प्रवाहच तसा असेल. गाळ तिथे जास्त साचत असेल. आणि बापाला जिथे मुलगा गेला तिथे थांबावंसं वाटलं, तर त्यात एवढं काय? लोक समाधीपाशी जाऊन बसतातच की. याला समाधी नाही, हा तिथे बसतो.

हे त्याला पटलं. त्यावर त्याला बापाची दयाही आली.

३

त्या रात्री वारा नव्हता. खाडीवर मच्छर, कुजक्या चिखलाचा वास आणि लांबून कुठून तरी लग्नाच्या हॉलचा डीजे. जाळ्यात बरी कोळंबी लागली, चार बोईट, एक मोठी चिंबोरी. गुणाजी खुशीत होते. मध्येच गाणं गुणगुणत होते. सुबोधने वर्षभरात त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"बाबा, पाणी उतरायला लागलंय. निघू या."

"निघूया मां. घाई काय?"

"घाई तीच. मागल्या वेळी..."

"तू वल्ही मार."

सुबोध पुढे तोंड करून वल्ही मारत होता, गुणाजी मागे बांबू घेऊन उभे होते. बांबू तळाशी टेकवायचा आणि होडी लोटायची, असं काम. वळण आलं. उजवीकडे चिखलाची पाठ वर यायला लागली होती, डावीकडे अजून भरपूर पाणी होतं. सुबोध डावीकडे वळवायला लागला तशी होडी मागून अडली. त्याने वळून बघितलं.

गुणाजींनी बांबू डाव्या अंगाला रोवला होता आणि सगळं अंग त्यावर टाकून ते होडी उजवीकडे, चिखलाकडे रेटत होते. चुकून नाही. एखादा माणूस गाडी पार्क करतो तसं, मागे-पुढे बघून, बेताने.

तळ घासला. होडी एकदा डुगडुगली आणि बसली.

"बाबा, हे काय केलंत?"

गुणाजींनी बांबू आडवा ठेवला आणि फळीवर बसले. "दोरी काड," ते म्हणाले. "बांदून घेवया."

दोरीचं त्यांनी स्वतःहून म्हटलं, त्याने सुबोधचा राग अर्धा झाला. नियम पाळतायत ना, मग झालं तर. दोघं पाठीला पाठ लावून बसले. गुणाजींनी दोरी आधी सुबोधच्या कमरेला बांधली, गाठ घट्ट ओढून बघितली, मग दुसरं टोक स्वतःच्या कमरेला घेतलं. बापाची पाठ सुबोधच्या पाठीला गरम लागत होती. लहानपणी गावी बैलगाडीत दोघं असेच बसायचे, तेव्हा प्रांजल पुढे, गाडीवानाशेजारी असायचा.

पाणी निघून गेलं. समोर चौथ्या मजल्यावर ती पिवळी खिडकी. आई जागी होती.

४

पहिला आवाज आला तेव्हा सुबोधला वाटलं, निवटी असणार. निवटी म्हणजे ते चिखलावर उड्या मारणारे मासे. चपक. थोड्या वेळाने पुन्हा चपक. मग त्याला वाटलं, चिखलातून हवेचे बुडबुडे फुटतात तसं असेल. ओहोटीला चिखल बोलतो, असं धोंडिराम म्हणायचा.

पण बुडबुड्याला चाल नसते.

चपक. चपक. चपक. मध्ये सारखंच अंतर. खारफुटीकडून सुरू झालेला आवाज हळूहळू उघड्या चिखलावर आला.

कोल्हा असणार. चारकोपच्या खारफुटीत कोल्हे आहेत, रात्री सोसायटीच्या कुंपणापर्यंत येतात, व्हॉट्सअॅपवर त्यांचे व्हिडिओ फिरतात. जाळ्यातल्या मासळीच्या वासाने आला असेल. कोल्हा हलका, तो चिखलावरून चालू शकतो. सुबोधने ते मनात दोनदा म्हणून बघितलं. कोल्हा आहे. कोल्हाच आहे.

कोल्ह्याला चार पाय असतात. सुबोधने कान देऊन ऐकलं. चालणारं जे होतं ते दोन पायांवर चालत होतं. आणि दमलेलं माणूस चालतं तसं, मधूनच थांबत होतं.

"बाबा," तो कुजबुजला, "ऐकलंत?"

 गुणाजींची पाठ ताठ झाली होती.

त्या चिखलावर कोणी उभं राहू शकत नाही, हे सुबोधला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी दलाच्या एका जवानाने फळीवरून एक पाय खाली टाकला होता, तो मांडीपर्यंत गेला आणि चौघांनी मिळून त्याला उपसला होता. तेव्हा हा आवाज चालण्याचा असूच शकत नाही. लांबच्या डीजेचा ठेका असेल, पाण्यावरून येताना असा ऐकू येत असेल.

त्याने डीजेकडे कान लावला. हॉलमधलं गाणं केव्हाच बंद झालं होतं.

५

आवाज होडीच्या भोवतीने एक वळसा घेऊन गुणाजींच्या बाजूला थांबला. सुबोधची पाठ तिकडे होती. वळायचं म्हटलं तर दोरी होती, आणि खरं सांगायचं तर वळायची हिंमतही नव्हती.

"इलंस?" गुणाजी म्हणाले.

आवाज इतका साधा होता, कामावरून आलेल्या पोराला दार उघडताना बाप म्हणतो तसा. 

"दमलंस काय? दम घे. घाई नको."

थोडा वेळ शांतता.

"होय रे. आवस जागी आसा. बघ थंय, दिवो दिसता मां?"

 पलीकडून काही उत्तर येत नव्हतं. निदान सुबोधला तरी ऐकू येत नव्हतं. पण गुणाजी ज्या ठिकाणी थांबत होते, त्या ठिकाणी बोलणारा माणूस थांबतोच.

सुबोधने स्वतःला बजावलं, बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुःखाने होतो. उद्या कांदिवलीला डॉक्टरकडे न्यायचं, रजा टाकायची, आईला समजवायचं. आत्ता फक्त त्यांना होडीत धरून ठेवायचं. भ्रमात ते उतरतील. म्हणून तर ही दोरी आहे. आपण जड बसायचं, पाय फळीला अडकवून बसायचं. ते उतरायला लागले तर दोरी ताणेल आणि आपल्याला कळेल.

त्याने दोरी हाताने चाचपली.

ती ताणलेली नव्हती. ढिली होती. त्याने हळूच ओढली तशी सगळीच्या सगळी त्याच्या हातात आली. पलीकडच्या टोकाला बाप नव्हता. गुणाजींनी गाठ मारलीच नव्हती. बांधला होता तो एकटा सुबोध, आणि तोही कशालाच नाही.

"तां खरा," गुणाजी अंधारात समजुतीने म्हणत होते, "दोघांचीच होडी. तिघांका पेलूची नाय. बघतंय मी. मी बोलतंय तेच्याशी."

६

सुबोधने बॅटरी काढली आणि वळून लावली.

उजेडात आधी दिसला बापाचा चेहरा. त्यावर हसू होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी एक हात होडीच्या कडेवर ठेवला होता. त्या हाताखाली दुसरा एक हात होता. बोटं पाण्यात फार वेळ राहिलेल्या माणसाच्या बोटांसारखी सुरकुतलेली, पांढरी. बापाचा अंगठा त्या बोटांवरून फिरत होता.

"इजव ती!" गुणाजी ओरडले आणि त्यांनी सुबोधच्या हातावर फटका मारला.

बॅटरी उडाली आणि होडीबाहेर चिखलावर पडली. विझली मात्र नाही. आडवी पडून ती चिखलाच्या पृष्ठभागावरून लांबवर उजेड टाकत राहिली, सतरंजी पसरावी तसा. त्या उजेडात होडीशेजारी दोन पाय उभे होते. पोटऱ्यांपर्यंतच दिसत होते, वर काळोख. चिखलात रुतलेले नव्हते. फरशीवर उभं राहावं तसे चिखलावर उभे होते.

आणि स्वच्छ होते. चिखलाचा एक डागही नव्हता. नखांत नाही, बोटांच्या बेचक्यांत नाही. कोणी नुकतेच धुऊन पुसून दिल्यासारखे.

डाव्या पायाची बोटं जराशी वर उचलली गेली. पायरी चढायच्या आधी उचलतात तशी.

बॅटरी हळूहळू खाली जायला लागली. उजेड पिवळा झाला, मग चहासारखा, मग चिखलाच्या आतून थोडा वेळ नुसती तांबूस धग दिसली. तीही गेली.

७

"सुबोध," गुणाजी म्हणाले. फार मायेने म्हणाले. इतक्या मायेने त्यांनी त्याला कधी हाक मारली होती, ते त्याला आठवेना. "तू वायच खाली उतर."

"बाबा, चला, तुम्ही इकडे या. माझ्याजवळ बसा."

"तेका वर घेवक होयो. किती दिस उभो आसा तो. तू वायच उतरलंस की तो वर येतलो."

"बाबा, तिथे कोणी नाही. खाली चिखल आहे. मी मरेन."

गुणाजी सरकून जवळ आले.

सुबोधला वाटलं, बापाला ओळख पटलेली नाही. भ्रमात त्यांना आपण कोणी तिसरंच माणूस वाटत असणार. त्याने उठून अंधारात त्यांचा दंड पकडला. "बाबा, अहो मी सुबोध. मी सुबोध आहे."

"माका म्हायत आसा," गुणाजी म्हणाले.

त्यांनी त्याला हळूच वळवलं आणि त्यांचा हात सुबोधच्या पाठीवर आला, दोन खांद्यांच्या मधोमध. तो धक्का नव्हता. सायकल शिकवताना मागून लावतात तसा हात होता, पुढे नेणारा. सुबोधचे गुडघे होडीच्या कडेला लागले. समोर ती खिडकी, पिवळी, अगदी जवळ. आईचं वाक्य त्याला आठवलं, आणि पहिल्यांदाच त्याने ते नीट ऐकलं. घरातला एकसुद्धा माणूस कमी व्हायला नको. एक उतरला आणि एक चढला, तर कमी कोण होतो? कोणीच नाही.

त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि सगळा जीव लावून वाजवली. एकदा, दोनदा, सारखी. वाजवता वाजवताच खाली बसला, फळीखाली दोन्ही हात घालून फळीला मिठी मारली. खारफुटीतले बगळे उडाले. लांब कुठे तरी कुत्री भुंकायला लागली. पाठीवरचा हात बराच वेळ तसाच होता. लोटतही नव्हता, निघतही नव्हता.

होडी एकदा कलली. गुणाजींच्या बाजूला, बाहेरून कोणी वजन टाकावं तशी. कड चिखलाला टेकेपर्यंत कलली. सुबोधने डोळे मिटले, पण शिट्टी सोडली नाही आणि फळीही सोडली नाही. तो एवढंच म्हणत राहिला, मनातल्या मनात, उतरायचं नाही, उतरायचं नाही.

मग होडी पुन्हा सपाट झाली.

चपक, चपक, चपक. आवाज आला तसाच सावकाश गेला.

"थांब रे!" गुणाजी ओरडले. "थांब मरे बाबा! प्रांजल!" ते कडेवर ओणवे झाले. सुबोधने फळी सोडली आणि बापाच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी त्याला लाथा मारल्या, कोपराने तोंडावर मारलं, आईवरून शिव्या घातल्या. सुबोधच्या ओठातून रक्त आलं. त्याने सोडलं नाही. त्याचं काम तेवढंच होतं.

पाणी आलं तेव्हा गुणाजींच्या अंगातलं बळ संपलं होतं. होडीखाली पहिली लाट सुळसुळत शिरली, तळ हलका झाला. सुबोधने एकट्यानेच वल्ही मारली. गुणाजी मागे तोंड करून बसले होते, उजाडत चाललेल्या चिखलाकडे बघत. तिकडे पावलं उमटलेली नव्हती. सुबोधने बघितलं होतं.

धक्क्यापाशी आल्यावर ते बोलले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"तू उतारलंस आसतंस तर तो इलो आसतो."

८

धोंडिराम धक्क्यावर उभा होता. शिट्टी त्याने ऐकली होती, पण पाणी नव्हतं तर होडी काढणार कशी? त्याने सुबोधचा फुटलेला ओठ बघितला, गुणाजींकडे बघितलं, आणि एकही टोमणा न मारता दोर धरून दिला.

सुबोधने बापाला हाताला धरून घरी नेलं. रस्त्यात दूधवाले, शाळेच्या बसला थांबलेली पोरं. इमारतीचे चार जिने गुणाजी प्रत्येक पायरीवर थांबत चढले. सुबोध त्यांच्या मागे, पडले तर धरायला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आणलं. बापाला आणलं. आईला काय सांगायचं ते नंतर बघू. आधी ती दार उघडेल, आम्हाला दोघांना धड बघेल, आणि कदाचित रडेल. तिने रडावं, असं त्याला फार वाटत होतं.

तिसऱ्या मजल्यावर वास आला. तिसऱ्यांचा. ओलं खोबरं आणि वाटलेली मिरची घालून केलेल्या शिंपल्यांचा. सुबोधला तिसऱ्या चालत नव्हत्या. लहानपणी एकदा खाल्ल्या तर अंगभर गांधी उठल्या होत्या आणि घसा आवळून त्याला इस्पितळात न्यावं लागलं होतं. प्रांजलचा मात्र त्या जीव की प्राण. प्रांजल गेल्यापासून त्या घरात आल्याच नव्हत्या.

बेल वाजवावी लागली नाही. पावलं ऐकून रुक्मिणीने दार उघडलं. नवीन लुगडं नेसली होती. मागे खुर्चीवर इस्त्री केलेला निळा शर्ट होता, प्रांजल मरोळच्या कारखान्यात घालायचा तो.

तिने आधी गुणाजींकडे बघितलं. गुणाजींनी मान हलवली, नाही म्हणून. मग तिने त्यांच्या खांद्यावरून मागे, जिन्यात बघितलं. तिथे सुबोध उभा होता. सुजलेला ओठ, अंगावर जाकीट, पट्टे अजून आवळलेले.

ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं जे होतं ते हळूहळू उतरत गेलं.

"तू व्हय," ती म्हणाली.

"हो," सुबोध म्हणाला. "मीच."

ती बाजूला झाली, त्याला आत येऊ दिलं. पदराला हात पुसत थोडी घुटमळली, मग ओट्याकडे वळली.

"तुका तिसऱ्यो चलनत नाय," ती म्हणाली. "थांब, कुळथाची पिठी करतंय."